आधी विन्स्टनला जिना चढू द्या

कादंबरी शिकवून झाली की परीक्षेत दोन प्रश्न हमखास येतात. अमुक पात्राचे स्वभावचित्रण करा आणि कादंबरीतील स्थळकाळाचे वर्णन करा. बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत कादंबरीला स्वतंत्र विभाग दिला आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिथेही कथानक, पात्र, स्थळ, आशय असे खण पाडलेले आहेत आणि प्रत्येक खणाचे प्रश्न वेगळे. गाइडवाले त्या खणांत बसतील अशी उत्तरं छापतात, क्लासवाले ती घोटून घेतात आणि मुलं पेपरात उतरवून मोकळी होतात. इतर कादंबऱ्यांचं यात थोडंफार नुकसान होतं. डिस्टोपियन कादंबरी, म्हणजे माणसाला चिरडणाऱ्या भयाण समाजाची कल्पित गोष्ट, मात्र पुरती हातची जाते. राहती जागा, रेशन, सतत कानावर पडणारा आवाज, आपल्याकडे रोखलेली नजर यांनी माणूस आतून कसा बदलत जातो, हेच तर तिला सांगायचं असतं. पात्र एका उत्तरात आणि स्थळ दुसऱ्या उत्तरात टाकलं की सांगण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कोल्हापुरातल्या ज्युनियर आणि सीनियर कॉलेजांनी अशा कादंबऱ्या आवर्जून शिकवाव्यात, स्थळ आणि पात्र एकाच प्रश्नात शिकवावं, आणि ‘ही गोष्ट कोणाबद्दल आहे’ हे सांगायची घाई शिक्षकाने करू नये.

जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ घेऊ. १९४९ साली आलेल्या या कादंबरीवर आपल्याकडे व्याख्यानं भरपूर होतात, पण तिची पहिली दोन-तीन पानं सावकाश कोणी वाचत नाही. हुकूमशाही, पाळत, बिग ब्रदर हे शब्द मुलांना पुस्तक उघडण्याआधीच माहीत असतात. ते फळ्यावर लिहिले की वर्ग वाचायचं थांबवतो, कारण उत्तर मिळालेलं असतं. त्याऐवजी कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ याला आधी जिना चढू द्यावा. वय एकोणचाळीस, घर सातव्या मजल्यावर, उजव्या घोट्याच्या वर चिघळलेली जखम. लिफ्ट बंद, कारण दिवसा वीज तोडलेली आहे, आणि ती तोडली आहे द्वेषसप्ताहाच्या तयारीसाठी काटकसर म्हणून. बोळात उकडलेल्या कोबीचा आणि जुन्या पायपुसण्यांचा वास. प्रत्येक मजल्यावर भिंतीवरून बघणारा तोच प्रचंड चेहरा, बिग ब्रदर या सर्वसत्ताधीश नेत्याचा. विन्स्टन मध्ये मध्ये थांबत वर जातो.

इथे वर्गात थांबावं आणि विचारावं, हा माणूस कसा आहे? कोल्हापूरची पोरं स्पष्ट बोलतात. “सर, ह्यो गडी लईच भित्रा हाय की.” दुसरा म्हणतो, “भित्रा न्हाई, दमलाय.” या दोन उत्तरांमध्ये सगळा तास आहे. दमलेला माणूस आणि भित्रा माणूस बाहेरून सारखेच दिसतात. त्याला दमवलं कोणी, हे विचारलं की मुलं मजकुराकडे परत जातात आणि त्यांना लिफ्ट, वीज, जखम, जिना ही साखळी सापडते. राज्यकर्त्यांनी विन्स्टनला अजून हातही लावलेला नसतो. त्यांनी फक्त लिफ्ट बंद ठेवलेली असते.

पुढे त्याच्या खोलीचा नकाशा वहीत काढायला सांगावा. हे बालवाडीचं काम वाटेल, पण बी.ए.च्या वर्गातही ते करून घ्यावं असं माझं ठाम मत आहे. टेलिस्क्रीन, म्हणजे दाखवणारा आणि आपल्यावर पाळतही ठेवणारा पडदा, साधारणपणे खोलीच्या टोकाच्या भिंतीवर असतो, तिथून सगळी खोली दिसते. विन्स्टनच्या घरात मात्र तो लांबीच्या भिंतीवर, खिडकीसमोर बसवला आहे. त्यामुळे बाजूच्या एका कोनाड्यात, जो बहुधा पुस्तकांच्या फळ्यांसाठी ठेवला होता, बसलं की माणूस पडद्याला दिसत नाही. विन्स्टन तिथे बसून रोजनिशी लिहायला घेतो. ऑर्वेल तिथे स्पष्ट सांगतो की खोलीच्या या वेगळ्या रचनेमुळेही त्याला हे करावंसं सुचलं. म्हणजे बंडाची सुरुवात आपण समजतो तशी फक्त छातीतल्या धैर्यातून होत नाही. कोणा मिस्त्रीने एक कोनाडा ठेवला होता, तोही तिला कारण ठरतो. मुलांनी नकाशा काढला की हे त्यांना आपोआप कळतं. ‘विन्स्टन हा स्वातंत्र्यप्रेमी व धाडसी होता’ असं पाठ केलेल्या मुलाला ते कधीच कळणार नाही, आणि आपण मात्र त्याला चारपैकी चार गुण देऊ.

घोट्यावरच्या जखमेचा माग पूर्ण कादंबरीभर काढायला लावावा. दुसऱ्या भागात विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्युलिया जुन्या वस्तूंच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतात. त्या खोलीत टेलिस्क्रीन नाही असं त्यांना वाटतं. काही आठवड्यांत विन्स्टनचं अंग भरतं, जिन ही दारू सतत पिणं सुटतं, पहाटेचा खोकला थांबतो आणि जखमेच्या जागी नुसता तपकिरी डाग उरतो. लेखक ‘तो सुखी झाला’ असं कुठे म्हणत नाही, पाय दाखवतो. आणि मग कळतं की त्या खोलीतही टेलिस्क्रीन होता, भिंतीवरच्या चित्रामागे. हे वाचल्यावर वर्ग एकदम गप्प होतो, आणि लगेच प्रश्न येतात. मग त्याचा पाय बरा झाला तो खोटा का? तो मोकळेपणा खरा होता की नव्हता? जागा फसवी होती, पण माणूस खरोखर बरा झाला होता. या प्रश्नावर एफ.वाय.ची मुलं तासभर भांडू शकतात. स्वभावचित्रणाच्या दहा मुद्द्यांवर कोणीही भांडत नाही.

अशी आणखी एक जोडी आहे. सत्ताधारी पक्षाच्या वरच्या वर्तुळातल्या ओब्रायनच्या घरी जाताना विन्स्टनला लिफ्ट दिसतात, त्या चालू असतात, आवाज न करता भरभर वरखाली जातात. चांगल्या अन्नाचा, चांगल्या तंबाखूचा वास येतो, पायाखाली मऊ गालिचा असतो. आणि ओब्रायन टेलिस्क्रीन बंद करू शकतो. बंद लिफ्ट आणि चालू लिफ्ट शेजारी शेजारी ठेवल्या की त्या समाजाची उतरंड मुलांना समजते, त्यासाठी वेगळं व्याख्यान लागत नाही. शिवाय ओब्रायनच्या आवाजातला तो शांतपणा कुठून येतो, हेही समजतं. ज्याला जिना चढावा लागत नाही तो माणूस शांत बोलू शकतो.

आता एक गोष्ट शिक्षकांनाही लक्षात घ्यावी लागेल. ऑर्वेलने हे जग हवेतून काढलं नाही. बिहारमधल्या मोतिहारीत १९०३ साली जन्मलेल्या या माणसाने महायुद्धाच्या काळात १९४१ ते १९४३ बीबीसीत भारतासाठीचे कार्यक्रम केले. युद्ध संपल्यावरही लंडनमध्ये बॉम्बने पडलेली घरं होती, रेशन होतं. ब्रिटनमध्ये पावावर रेशन आलं तेच मुळी युद्धानंतर, १९४६ मध्ये, आणि ते १९४८ पर्यंत राहिलं. कादंबरीतला कोंदट जिना, निकृष्ट ब्लेड, तुटवडा हे त्याच्या पहिल्या वाचकांच्या रोजच्या ओळखीचं होतं. त्याने त्यात टेलिस्क्रीन आणि काही नियम मिसळले. शिवाय ही भयाण राजवट त्याने रशियात किंवा जर्मनीत वसवली नाही, आपल्याच लंडनमध्ये वसवली. ‘हे तिकडे होतं, आपल्याकडे नाही’ असं म्हणायची सोय त्याने आपल्या देशबांधवांना ठेवली नाही.

यावरून मुलांना लिहायला काय द्यावं हेही ठरतं. ‘२०७५ सालचं कोल्हापूर’ असा विषय दिला की रंकाळ्यावरून उडणाऱ्या गाड्या आणि महाद्वार रोडवर रोबो येतात. त्यात पाहिलेलं काहीच नसतं. त्याऐवजी सांगावं, कोल्हापूर आहे तसंच ठेवा, फक्त एक नियम बदला. एका मुलीने पूर घेतला होता. आमच्या मुलांना पुराबद्दल कोणी काही शिकवायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे त्यांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराचा संपर्क तुटला, ते त्यांच्या लहानपणीचं आहे. या मुलीने बदललेला नियम असा होता की बोटीत कोणाला आधी घ्यायचं ते प्रत्येकाच्या फोनवर साठलेल्या गुणांवरून ठरतं. तिच्या कथेतल्या चिखलीच्या आजीकडे गुण पुरेसे आहेत, पण तिच्या म्हशीला गुणच नाहीत. आजी उंबऱ्यावर बसून राहते. ती हट्टी आहे, प्रेमळ आहे की मूर्ख आहे, यातला एकही शब्द मुलीने लिहिला नव्हता. पाणी, उंबरा, म्हैस आणि तो नियम एवढ्यातून आजी पूर्ण उभी राहिली होती. स्थळ आणि पात्र वेगळे काढता येत नाहीत हे या मुलीला कळलं होतं, आणि त्याचं श्रेय जिन्याच्या त्या दोन पानांना आहे.

कोल्हापुरात तर हा विषय परका वाटायचं काहीच कारण नाही. माणूस बदलायचा तर आधी त्याला राहायला जागा द्यावी लागते, हे या शहराने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं उभी केली, निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी. खेड्यातल्या पोराकडे बुद्धी नव्हती असं नाही, शहरात पथारी टाकायला जागा नव्हती. जागा मिळाली आणि तीच पोरं शिकली. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. गंगाराम कांबळेंची हकीकत इथे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान काढून दिलं आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला. मग बरोबरच्या मंडळींनाही घ्यावा लागला. एक दुकान, एक कप, आणि समोरच्या माणसांना आपलं वागणं बदलावं लागतं. डिस्टोपियन कादंबरी याचीच उलटी बाजू दाखवते. जागा माणसाला उभं करू शकते, तशी त्याला वाकवूही शकते. ज्या शहराला पहिली गोष्ट अभिमानाने सांगता येते, त्या शहरातल्या मुलांनी दुसरीही शिकली पाहिजे.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप असतो तो राजकारणाचा. प्राचार्य विचारतात, पालक विचारतात, वर्गात राजकारण कशाला? त्यांची भीती मला समजते. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. आज अकरावी-बारावीत बसलेली मुलं तेव्हा अगदी लहान होती, पण घरात काय बोललं जात होतं ते त्यांनी ऐकलेलं आहे. ‘रोजनिशी लिहायचीच कशाला, गप बसायचं की’ असं एखादा मुलगा विन्स्टनबद्दल म्हणतो, तेव्हा तो पुस्तकाबद्दल बोलतोय की स्वतःच्या घराबद्दल, हे शिक्षकाने ओळखावं. त्याला लगेच खोडून काढू नये.

पण राजकारण टाळायचा उपाय म्हणून कादंबरी टाळणं चूक आहे. उलट ‘हे सगळं अमक्या पक्षाबद्दल आहे’ असं फळ्यावर लिहिणंही तितकंच चूक. दोन्हींमध्ये मुलगा स्वतः बघायचं थांबवतो. बोट दाखवायला मिळालं की तो निर्दोष ठरतो, वाचन संपतं. दोन मिनिटांच्या द्वेषाचा प्रसंग घ्या. अकराच्या सुमाराला कचेरीतली माणसं आपापल्या खुर्च्या ओढत हॉलच्या मध्यभागी आणतात, मोठ्या पडद्यासमोर मांडतात. पडद्यावर शत्रूचा चेहरा येतो. ओरडा सुरू होतो. विन्स्टनला ही राजवट नकोशी आहे, तरी तोही ओरडत असतो, खुर्चीच्या दांडीवर टाच आपटत असतो. ऑर्वेल सांगतो की तिथे सोंग करण्याची सक्ती होती ही भयंकर गोष्ट नव्हती, त्यात सामील न होणंच अशक्य व्हायचं, ही भयंकर होती. आणि हा द्वेष कोणाकडेही वळवता येतो. क्षणात शत्रूकडे, क्षणात बिग ब्रदरकडे, क्षणात मागे बसलेल्या एका मुलीकडे, जिने त्याचं काहीही वाकडं केलेलं नाही.

जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या काही स्टेटसवरून हे शहर पेटलं. बंद पुकारला गेला, चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवलं गेलं. त्या जमावात कोवळी पोरं होती हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यांपैकी काही आज आपल्याच वर्गात बसत असतील, आणि ज्यांच्या घरात त्या दिवशी दारं आतून लावून घेतली होती तीही त्याच बाकांवर असतील. या विषयावर शाळा-कॉलेजांत कोणी बोलत नाही, बोलायला सगळेच बिचकतात. अशा वर्गात मी त्या दिवसाचं नाव काढायला सांगणार नाही. मी एवढंच म्हणतो, द्वेषाच्या त्या हॉलचा नकाशा काढून घ्या. खुर्च्या कोणी हलवल्या? पडदा कुठे आहे? कोण कोणाच्या शेजारी बसलंय? विन्स्टनची टाच कधी हलायला लागली? हे चार प्रश्न नीट सुटले की पुढचा प्रश्न मुलगा स्वतःला विचारतो, आणि त्याचं उत्तर त्याने शिक्षकाला दाखवलंच पाहिजे असं नाही. वर्गातलं राजकारण एवढ्यापुरतं असावं आणि एवढं जरूर असावं.

दुसरा आक्षेप दुःखाचा. मुलांवर आधीच नीट-जेईईचा ताण, त्यात असली काळोखी पुस्तकं कशाला? माझा अनुभव वेगळा आहे. काळोखाने मुलं खचत नाहीत. आपल्याला जे जाणवतं त्याला कोणी नाव देत नाही, याने ती खचतात. अभ्यासिकेत डोक्यावर कॅमेरा, क्लासच्या हजेरीचा मेसेज थेट बाबांच्या फोनवर, दर रविवारच्या टेस्टनंतर भिंतीवर लागलेली क्रमवारी, या सगळ्यात वावरणारी मुलं विन्स्टनला पटकन ओळखतात. अर्थात क्लासचा कॅमेरा आणि टेलिस्क्रीन एक नव्हेत, आणि तो फरक नेमका कशात आहे हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावं. कॅमेऱ्याखाली तुम्ही काय करायचं सोडून दिलं, असं विचारलं की उत्तरं प्रामाणिक येतात.

शेवटाबद्दल मुलांची चिडचिड होते, तीही योग्यच आहे. विन्स्टन हरतो आणि बिग ब्रदरवर प्रेम करू लागतो. “मग वाचलं कशाला एवढं?” असं विचारतात. तेव्हा त्यांना पान उलटायला सांगावं. कादंबरीनंतर न्यूस्पीक या सरकारी भाषेवर एक परिशिष्ट आहे, आणि ते सगळं भूतकाळात लिहिलेलं आहे. ती भाषा होती, तिचे नियम असे होते. मग हे टिपण कोण लिहितंय? कोणत्या काळात बसून, कोणत्या खोलीत? राजवट संपली असेल का? जाणकारांत यावर एकमत नाही, वर्गातही होत नाही. पण इथे पुन्हा जागेचा प्रश्न येतो आणि मुलं आता तो विचारायला शिकलेली असतात.

आठवी-नववीच्या मुलांसाठी ‘१९८४’ जड आहे, तिथे लॉइस लॉरीची १९९३ सालची ‘द गिव्हर’ योग्य. तिथलं गाव स्वच्छ, शिस्तीचं, कोणी उपाशी नाही, हवामानसुद्धा ताब्यात. डोंगर नाहीत, बर्फ नाही, रंगसुद्धा नाहीत, आणि जोनास या तिथल्या मुलाला हे काही उणं आहे हेच माहीत नसतं. भयाण जागा घाणेरडीच असते हा समज त्यातून मोडतो. मराठीत नंदा खरे यांची ‘उद्या’ आहे, २०१४ ची, उद्याच्या भारताची. तिला साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. एम.ए. मराठीच्या वर्गाने ती सावकाश वाचावी. इंग्रजी कादंबरी इंग्रजीत वाचून चर्चा मराठीत केली, अगदी कोल्हापुरी बोलीत केली, तरी बिघडत नाही. इंग्रजी सुधारणं हे वेगळं काम आहे, ते वेगळ्या तासाला करावं.

खर्चाचं कारण तर मुळीच सांगू नये. ऑर्वेल २१ जानेवारी १९५० ला वारला. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०११ पासून भारतात त्याच्या पुस्तकांवर कोणाचा हक्क नाही. पहिलं प्रकरण झेरॉक्स करून प्रत्येक मुलाच्या हातात देता येतं, कोणाची परवानगी लागत नाही. १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी ग्रंथालयं या शहरात आहेत. त्यांनी आणि कॉलेजच्या ग्रंथालयांनी एकाच पुस्तकाच्या वीस-पंचवीस प्रती ठेवल्या, तर वर्ग एकत्र वाचू शकतो.

उरला प्रश्न परीक्षेचा, आणि खरी अडचण तीच आहे, कारण शिक्षक कितीही चांगला असला तरी शेवटी प्रश्नपत्रिकेसाठी शिकवतो. ती बदलणं अभ्यासमंडळांच्या हातात आहे. ‘विन्स्टनचे स्वभावचित्रण करा’ हा प्रश्न काढून टाकावा आणि त्याच गुणांना असा प्रश्न ठेवावा: विन्स्टनच्या घोट्यावरची जखम कादंबरीत कुठे कुठे येते, प्रत्येक वेळी तो कोणत्या जागी असतो, आणि तिच्यात काय फरक पडलेला असतो? मुलांना पुस्तक जवळ ठेवायची मुभा द्यावी. याचं उत्तर कोणत्याही गाइडमध्ये छापलं, तरी पुढच्या वर्षी जखमेऐवजी जिन, जिनऐवजी लिफ्ट विचारता येईल. शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने पुढच्या वेळी अभ्यासक्रम हाती घेतला की एवढा एक प्रश्न बदलून पाहावा.